रंग म्हणजे मळ नव्हे

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाने घेतलेल्या व्याख्यानांपैकी हे एक. वक्त्या आपल्याच संस्थेत राहतात आणि त्वचारोगतज्ज्ञ आहेत. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत. – संपादक मंडळ)



मंडळाने मला विषय दिला, ‘चेहऱ्यासाठी स्क्रब कोणता आणि कसा वापरावा?’ विषय साधा वाटतो. पण लग्नसराईच्या आधी आणि दिवाळीनंतर दवाखान्यात जी गर्दी होते, त्यात निम्मं दुखणं या एका घासण्यातून आलेलं असतं. म्हणून मी आनंदाने ‘हो’ म्हटलं.

रौप्यमहोत्सवासाठी आपण इमारतीला रंग दिला. त्याआधी कामगारांनी जुने पापुद्रे पत्र्याने खरवडले, घासकागद मारला, मग पुट्टी, मग रंग. आपल्या डोक्यात चेहऱ्याचं चित्रही असंच असतं. जुनं खरवडून काढलं की आतून नवं, उजळ निघणार! पण भिंत मेलेली असते, तिला दुखत नाही. चेहरा जिवंत असतो आणि दुखावलं की तो उत्तर देतो. आपल्या देशातल्या कातडीचं ते उत्तर काळ्या डागाच्या रूपात येतं. आज एवढी एकच गोष्ट तुम्ही घरी नेली तरी माझं येणं सार्थकी लागलं.

कातडी स्वतःच झडते

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. एकावर एक ठेवलेल्या कौलांसारख्या त्या रचलेल्या असतात. खालून नव्या पेशी तयार होत वर सरकतात आणि वरच्या गळून पडतात. तरुणपणी या फेऱ्याला साधारण चार आठवडे लागतात. वय वाढतं तसा तो मंदावतो, म्हणून पन्नाशीनंतर चेहरा कोरडा, निस्तेज वाटतो. म्हणजे मृत पेशी काढायचं काम शरीर रोज करतच असतं. स्क्रब किंवा तसलं काहीही त्या कामाला थोडा हातभार लावतं, बस. आणि तो वरचा मेलेला थर म्हणजे कचरा नव्हे. आतलं पाणी धरून ठेवणारी आणि बाहेरचे जंतू अडवणारी ती आपली संरक्षक भिंत आहे. छावणीत राहणाऱ्यांना भिंतीचं महत्त्व वेगळं सांगायला नको!

आता रंगाचं. रंग देणारं द्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार करणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी असतात. वरून कितीही घासा, हात तिथे पोचत नाही. पोचला तर रक्त येईल. उलट, घासून वरचा भाग सुजला, लाल झाला, की तळाच्या या पेशी घाबरून जास्त रंग तयार करतात. मुरूम फोडल्यावर काळा डाग राहतो ना, तोच हा प्रकार. हार्वर्डचे डॉ. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेची उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून वर्गवारी मांडली. ती पुढे वाढून सहा प्रकारांची झाली. आपल्याकडचे बहुतेक लोक त्यात चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. ही त्वचा उन्हात सहज भाजत नाही, हा तिचा मोठा गुण. पण जखमेनंतर डाग धरते, हा तिचा स्वभाव. गोऱ्या देशांतल्या मुलीचा व्हिडिओ पाहून आपण तसंच केलं, तर तिचा लालसरपणा दोन दिवसांत जातो आणि आपला डाग सहा महिने राहतो.

म्हणून रंग म्हणजे मळ नव्हे. तो घासून जात नाही, घासल्याने गडद मात्र होतो.

उटण्यातलं शहाणपण

‘मग डॉक्टर, आजी उटणं लावायच्या ते चुकीचं का?’ मुळीच नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्या सांगताना अभ्यंग, व्यायाम, मग उद्वर्तन म्हणजे उटणं, आणि मग स्नान असा क्रम आहे. नरकचतुर्दशीला आपण पहाटे तेच करतो. त्यातली पद्धत नीट बघा.

एक, आधी तेल. अंगाला तेल जिरवलं की उटणं घसरतं, ओरबाडत नाही. दोन, उटणं वस्त्रगाळ असायचं. मसुराच्या डाळीचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, संत्र्याची साल, सगळं कुटून कपड्यातून गाळायचं. खरखरीत चोथा बाजूला राहायचा. तीन, थंडीच्या तोंडावर, सूर्य उगवायच्या आधी. आंघोळीनंतर लगेच कडक ऊन नाही. चार, मुख्यतः अंगाला, चेहऱ्याला जाता जाता. आणि पाच, रोज नाही.

आज आपण काय करतो? तेल ‘चिकट लागतं’ म्हणून सोडलं. उटणं मिक्सरवर जाडंभरडं फिरवलं. त्यात लिंबू पिळलं. मे महिन्यात, चेहऱ्यावर, एक दिवसाआड. वर ‘घरगुती आहे, अपाय नाही’ हे आहेच. घरगुती म्हणजे सौम्य असं नसतं हो. मिरचीही घरगुतीच आहे. लिंबाचा रस त्वचेच्या मानाने फार आंबट. तो लावून उन्हात गेलं तर काहींना भाजल्यासारखे चट्टे उठतात. खायचा सोडा त्याच्या उलट टोकाचा. दोन्ही चेहऱ्यापासून लांब ठेवा.

तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून कणकेच्या गोळ्याने किंवा डाळीच्या पिठाने चोळण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. ती लव काही महिन्यांत आपोआप जाते. बाळाची त्वचा फार नाजूक असते. तेवढं मात्र सोडून द्या.

दाणेदार आणि आम्लं

मृत पेशी काढायचे आज दोन मार्ग आहेत. पहिला घासण्याचा. उटणं, बेसन, साखर, घोसाळ्याची जाळी, बाजारातले दाणेदार स्क्रब हे सगळे यात आले. यात दाणा किती बारीक आणि गोल आहे, याला महत्त्व. अक्रोडाच्या टरफलाचा किंवा जर्दाळूच्या आठळीचा चुरा असेल तर त्याच्या कडा धारदार असतात. तळहातावर थोडा घेऊन चोळा. टोचला, तर तो टाचांना वापरा. वज्री जिथे वापरतो तिथेच तो शोभतो. काही स्क्रबमध्ये पूर्वी प्लॅस्टिकचे बारीक मणी असत. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ते बंद केले, कारण ते गाळणीत अडकत नाहीत आणि नदीत जातात. आपल्या शेजारची खाम पुढे गोदावरीलाच मिळते, आणि आपण पितो ते जायकवाडीचं पाणीही गोदावरीचंच. वेष्टनावर ‘पॉलिथिलीन’ दिसलं तर ते घेऊ नका.

दुसरा मार्ग सौम्य आम्लांचा. यात घासायचं नसतं. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकटपणा आम्ल सैल करतं आणि त्या अलगद सुटतात. १९७४ साली व्हॅन स्कॉट आणि यू या दोन अमेरिकी संशोधकांनी, माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होण्याच्या आजारात या आम्लांचा उपयोग दाखवला आणि तिथून ती प्रसाधनांत आली. नावं परकी वाटली तरी नातेवाईक ओळखीचे आहेत. उसातलं ग्लायकोलिक, दह्यातलं लॅक्टिक, चिंचेतलं टार्टारिक. कडू बदामातून मिळालेलं मँडेलिक. या गटाला एएचए म्हणतात. सॅलिसिलिक हे बीएचए. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलकट छिद्राच्या आत शिरतं. आणि पीएचए म्हणजे ग्लुकोनोलॅक्टोनसारखी मोठ्या रेणूंची आम्लं. ती सावकाश शिरतात, म्हणून सर्वांत सौम्य.

‘आम्ल’ म्हटलं की भीती वाटते. पण योग्य प्रमाणातलं आम्ल हे जाड्याभरड्या स्क्रबपेक्षा आपल्या त्वचेला बऱ्याचदा सुरक्षित असतं, कारण हाताचा जोर त्यात येत नाही. प्रमाण मात्र बघायचं. घरी वापरायला ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक १० टक्क्यांपर्यंत आणि सॅलिसिलिक २ टक्क्यांपर्यंत. सुरुवात त्याच्या निम्म्याने. ३० टक्क्यांच्या बाटल्या ऑनलाइन सहज मिळतात. ते काम दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं आहे, आरशासमोर मोबाइल बघत नव्हे.

आपली त्वचा ओळखा, मग खरेदी करा

सकाळी सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. मग टिश्यू पेपर कपाळ, नाक, गाल यांवर दाबून बघा.

*तेलकट* – कागद सगळीकडे तेलकट. नाकावर काळे ठिपके, अधूनमधून मुरूम. सॅलिसिलिक असलेला फेसवॉश किंवा लोशन आठवड्यातून दोनदा. मुलतानी माती चालेल, पण अर्धवट ओली असतानाच धुऊन टाका. वाळून तडकेपर्यंत बसू नका. तेल येतं म्हणून जास्त घासणं हा उपाय नाही. तेल आतल्या ग्रंथीतून येतं.

*कोरडी* – कागद कोरडा, चेहरा ओढल्यासारखा. लॅक्टिक आम्ल आठवड्यातून एकदा आणि वर लगेच मॉइश्चरायझर. घरगुतीच हवं असेल तर वस्त्रगाळ मसूर पीठ सायीत किंवा दुधात कालवून, हलक्या हाताने. त्यात हळद किंचितच.

*मिश्र* – कपाळ-नाक तेलकट, गाल कोरडे. आपल्याकडे ही बरीच दिसते. मग सगळ्या चेहऱ्याला एकच न्याय कशाला? सॅलिसिलिक फक्त मधल्या पट्ट्यात, गालांना फक्त मॉइश्चरायझर.

*संवेदनशील* – नवीन काही लावलं की चुरचुरते, लाल होते. दाणेदार काहीच नको. पीएचए पंधरा दिवसांतून एकदा करून बघा. नाही केलं तरी काही बिघडत नाही.

*मुरूम असलेली* – लाल, पू असलेल्या पुळ्यांवर स्क्रब म्हणजे आगीत तेल. आधी उपचार. सॅलिसिलिक उपयोगी, घासणं नाही.

*वांग किंवा डाग असलेली* – वांग हा घासून जाणारा डाग नाहीच. त्याला ऊन, बाळंतपण, हार्मोन अशी अनेक कारणं असतात. मँडेलिकसारखं सौम्य आम्ल डॉक्टरांना विचारून, आणि सनस्क्रीन रोज.

*पन्नाशीनंतरची* – फेरा मंदावलेला, पण त्वचा पातळ झालेली. लॅक्टिक किंवा पीएचए, आठवड्यातून एकदा पुरे.

आणि काका लोकांसाठी. दाढी करणं हीसुद्धा घासणीच आहे. वस्तरा वरचा थर रोज थोडा काढतोच. म्हणून दाढीच्या दिवशी स्क्रब नको. मानेवर केस आत वळून पुटकुळ्या होत असतील तर आठवड्यातून एकदोनदा सॅलिसिलिक, दाढी नसेल त्या दिवशी.

कसं वापरायचं

आधी चाचणी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावा आणि दोन दिवस बघा. खाज, लाली नसेल तरच चेहऱ्यावर. वेळ रात्रीची. आठवड्यातून एकदा सुरू करा. महिनाभर ठीक वाटलं तर दोनदा. त्यापुढे बहुतेकांना गरज नाही.

दाणेदार असेल तर चेहरा ओला, बोटांची टोकं, गोल हात, अर्धा मिनिट. डोळ्यांभोवती नाही. कणीक मळायचा जोर इथे नको. बाळाच्या गालावरून हात फिरवतो तेवढाच. मग कोमट पाण्याने धुवा आणि पंचाने टिपा, पुसू नका. आम्ल असेल तर कोरड्या चेहऱ्यावर पातळ थर. दाणेदार आणि आम्ल एकाच दिवशी नाही. दोन्हीनंतर मॉइश्चरायझर हवंच.

पाण्याचं दुखणं आपल्याला माहीत आहे. नळाला पाणी आलं नाही की टँकर किंवा बोअर. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी अनेकदा जड असतं. त्यात साबणाचा फेस होत नाही, थर मात्र चेहऱ्यावर बसतो आणि चेहरा ओढल्यासारखा वाटतो. त्याला मृत पेशी समजून आपण आणखी घासतो! तेव्हा साबणाऐवजी सौम्य फेसवॉश वापरा आणि शेवटचा तांब्या शक्यतो पिण्याच्या पाण्याचा घ्या.

सनस्क्रीनबद्दल तडजोड नाही. आम्लांनंतर त्वचा उन्हाला हळवी होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली एएचएच्या वेष्टनावर उन्हाची सूचना छापायची शिफारस केली, ती याचसाठी. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. एसपीएफ ३० किंवा जास्त, दोन बोटांच्या लांबीएवढं, दुपारी पुन्हा. स्कूटीवर स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनो, स्कार्फ उत्तमच, पण तो सुती असू द्या आणि रोज धुवा. कालच्या घामाचा स्कार्फ स्वतःच एक स्क्रब असतो.

आणि कधी अजिबात नको, तेही ऐका. थ्रेडिंग, वॅक्सिंगनंतर दोन-तीन दिवस. उन्हाने चेहरा भाजलेला असताना. इसब, नागीण किंवा ओठाजवळ ताप उतरल्याची पुळी असताना. चपट्या चामखिळी असतील तर घासल्याने त्या पसरतात. मुरमांवर ट्रेटिनॉइन किंवा अॅडापॅलिन मलम, किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि धुळवडीचा रंग एका दिवसात काढायचा हट्ट नको. आधी तेल लावा, मग धुवा. उरलेला चार दिवसांत जातो. रॉकेल तर नकोच नको.

थोडं कडू

आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर मी आले. लग्न ठरतं, पंधरा दिवस उरतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘जरा उजळली तर बरं.’ स्क्रबने डाग पडतात, मग डाग घालवायला मेडिकलमधून क्रीम येतं. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा चमकतो, मग कातडी पातळ होते, लालसर रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस वाढतात आणि क्रीम थांबवलं की आग होते. अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉइडांबद्दल अधिसूचना काढली. तरीही ती चिठ्ठीशिवाय मागितली जातात. मागणारे आपणच ना?

त्याहून वाईट पारा. २०२१ ते २०२३ या काळात केरळमधल्या डॉक्टरांकडे मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांत त्या आजाराचा एक विशिष्ट प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमं वापरत होते. उत्पादकाचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही, असा डबा कितीही ‘आयुर्वेदिक’ म्हणवला तरी घरात आणू नका.

मुलीच्या चेहऱ्याला काही झालेलं नसताना तिला घासायला लावणारा आरसा भिंतीवर नसतो, तो घरातल्या बोलण्यात असतो. ‘सावळी आहे पण नाकीडोळी नीटस’ यातलं ते ‘पण’ आपण आधी काढून टाकू. मृत पेशींपेक्षा तेच काढायची जास्त गरज आहे.

प्रश्नोत्तरे

*एका काकूंचा प्रश्न : दही आणि बेसन गेली चाळीस वर्षं लावते. बंद करू का?*
काकू, चाळीस वर्षं त्रास नाही, तर त्वचेने पसंतीची पावती दिलेली आहे. चालू ठेवा. फक्त पीठ बारीक चाळून घ्या आणि आठवड्यातून एकदाच.

*गरोदरपणात काय वापरावं?*
सौम्य लॅक्टिक किंवा कमी प्रमाणातलं ग्लायकोलिक सहसा चालतं. ट्रेटिनॉइनच्या जातीची मलमं नाहीत. सॅलिसिलिक मोठ्या भागावर नाही. तरी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्याच.

*बारावीतल्या मुलीचा प्रश्न : नाकावरचे काळे ठिपके पट्टी लावून ओढून काढले तर?*
निघतात आणि महिन्याभरात परत येतात. तो मळ नाही, छिद्रातलं तेल हवेने काळं पडलेलं असतं. सॅलिसिलिक दोन महिने नेमाने लाव. नखाने काढू नकोस, खड्डा पडतो.

*महागाचं घ्यावं का?*
किमतीपेक्षा यादी वाचा. शंभर-दोनशे रुपयांचं योग्य प्रमाणातलं लोशन हे दोन हजारांच्या सुवासिक डब्यापेक्षा बऱ्याचदा चांगलं. पैसे वाचले तर सनस्क्रीनवर घाला.

*एका वहिनींचा प्रश्न : माझा चेहरा आत्ताच काळवंडलाय, डाग आहेत. काय करू?*
सगळं थांबवा. चार आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बरेच डाग हळूहळू फिके होतात. नाही झाले तर या, किंवा घाटीत त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा. तिथे कमी खर्चात चांगली तपासणी होते. पण आधी घासणं थांबवा.

इमारतीला दर काही वर्षांनी रंग द्या, चेहऱ्याला मात्र आहे तो रंग राहू द्या.